खंडेनवमीनंतर गेलेले आवाज

"पार्सल कधी हरवत नसतं, नंदा. ते दुसऱ्या पार्सलाखाली असतं. आधी वरचं उचल, मग शोध."

सुभाषचंद्रांचं हे वाक्य घरात कशा ना कशावरून रोज निघायचं. चष्मा सापडेना, किल्ली सापडेना, गॅसचं पुस्तक सापडेना, की ते असंच म्हणायचे. उभा जन्म झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेला होता त्यांचा. वैशाखात ते गेले. वाक्य राहिलं.

अलकनंदा तुळशीला पाणी घालत होती तेव्हाही नवऱ्याचं ते वाक्य कानात आलं आणि निघून गेलं. आलं म्हणून बरं वाटलं नाही, गेलं म्हणून वाईट वाटलं नाही. वैशाखापासून तिचं असंच चाललं होतं. पाणी घालायचं, दिवा लावायचा, पोथीचा एक अध्याय वाचायचा आणि तो संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. नेम चालू होते. नेम करणारं माणूस कुठे आहे, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अध्याय अर्ध्यावर असताना फोन वाजला. थांबला. परत वाजला. पुन्हा वाजला तेव्हा तिने पोथीच्या पानावर तुळशीची काडी ठेवली आणि फोन कानाला लावला. बोलली मात्र नाही.

"ठाऊक आहे मला, तुझं मौन आहे," पलीकडून कुसुमावतीआत्या म्हणाल्या. "तू बोलू नको. नुसती ऐक. आवाज गेले, नंदा. सगळे गेले. माझ्या हातून गेले."

अलकनंदाने फोन ठेवला, काडी उचलली आणि राहिलेला अर्धा अध्याय संथपणे वाचून काढला. वाचलेलं डोक्यात शिरलं नाही. पण नेम तो नेम.

बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत मराठी मंडळाची दुमजली इमारत आहे. खाली देव आणि हॉल, वर एक लहानशी खोली. तिला सगळे आवाजाची खोली म्हणत. रिटायर झाल्यावर सुभाषचंद्र रेकॉर्डर घेऊन मराठी घरं हिंडायचे आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे. झाशीतल्या मराठी घरांत आता मुलांना मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच येतं. फडताळ, घंगाळ, सांदणी म्हणणारी माणसं एकेक करून चालली होती. ती जाण्याआधी त्यांचे आवाज ठेवायचे, एवढाच त्यांचा ध्यास. आवाज ठेवायला कॉम्प्युटर हवा होता, तो अलकनंदाने मांडून दिला. रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागात तिने आयुष्यभर युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी यंत्रंच सांभाळली होती. यंत्राच्या स्वतःच्या कामाला एक लहान डिस्क, आणि आवाजांसाठी वेगळी मोठी.

वैशाखानंतर ती त्या खोलीचा जिना चढली नव्हती. का, ते कोणी विचारलं नाही.

*

आत्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या होत्या. साऱ्या मंडळाच्या त्या आत्याच; मंडळाचे देव आणि मंडळाच्या किल्ल्या, दोन्ही त्यांच्याकडे. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाजात एरवी कोणालाही उठवून बसवायची ताकद. आज तो आवाज कापसासारखा झाला होता. दसऱ्यापासून त्यांनी मीठ सोडलंय, हे अलकनंदाला खाली चपला काढतानाच कोणीतरी सांगितलं होतं.

"पहिल्यापासून सांगा," अलकनंदा म्हणाली. "काय केलंत?"

"दरवर्षी करतो तेच. खंडेनवमीला यंत्र निजवलं. तारा काढल्या. पुसलं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आरती."

"फडकं ओलं होतं?"

"पिळलेलं होतं गं. पण ओलंच की ते."

"तारा परत कोणी लावल्या?"

"सुजयने. दसऱ्याला सकाळी. मग यंत्र जागं झालं, घूं घूं करायला लागलं. त्याने 'आवाज' नावाचं फोल्डर उघडलं, तर आत काहीच नाही. घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं."

"घूं घूं अजून करतंय?"

"करतंय की. वर जा, कळेल."

खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं, यंत्रं स्वच्छ पुसून पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, ही पद्धत मंडळात पहिल्यापासून. आवाजाचं यंत्र इन्व्हर्टरवर वर्षभर जागं असायचं. दिवाळी नाही, होळी नाही, कशालाच बंद व्हायचं नाही. निजायचं ते याच एका रात्री.

खोलीत शिरताना अलकनंदाला वाटलं होतं, पाय थबकतील. थबकले नाहीत. यंत्राच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं, वर सुकलेला झेंडू. तिने हाताचा तळवा पेटीवर ठेवला. आत मोठी डिस्क फिरत होती. तळव्याला कळेल अशी, बिनचूक.

सुजय कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. याचे आजोबा रेल्वेत इंजिन चालवायला नागपूरहून आले ते इथलेच झाले. हा मोबाइलची ॲपं बनवतो, घरूनच काम करतो आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवतो. दोन रात्री झोपला नसावा.

"काकी, मैंने सब देख लिया," तो म्हणाला. "काही नाही उरलं."

"डिस्क दिसतायत?"

"दोन्ही दिसतात. जुनी भी, नवीन भी."

नवी डिस्क उन्हाळ्यात त्यानेच आणली होती. आवाजांची एक प्रत वेगळी असावी म्हणून. जुनीच्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची. पेटीत बसवली, आणि प्रत करू करू म्हणता राहून गेली. हे सांगताना त्याने मान खाली घातली.

"पुसलेलं शोधायचा प्रोग्राम लावलास?"

"लावला. कुछ नहीं. काकी, पुसलं तरी काहीतरी खरवड तर राहते ना? इथे एकदम कोरं. जैसे कभी कुछ था ही नहीं."

"आणि आता काय करणार म्हणतोस?"

तो म्हणाला की संध्याकाळी दोन्ही डिस्क साफ पुसून नव्याने मांडतो. कोजागिरी तोंडावर आलीय, गच्चीवर सगळे जमतील, तेव्हा निदान नवे आवाज तरी धरता येतील. एरवी त्या रात्री आटीव दुधाबरोबर विठोबाकाकांचं रेकॉर्डिंग लाउडस्पीकरवर लावायचं ठरलं होतं. मागच्या हिवाळ्यात गेले ते. बोलायला बसले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आत्यांनीच ते निवडलं होतं, मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली होती. आता ते सोडून द्यायचं.

"संध्याकाळपर्यंत कशाला हात लावू नकोस," अलकनंदा म्हणाली.

"काकी, ठेवून काय फायदा?"

"मी म्हणते म्हणून."

ती बसली होती तेवढ्यात माणसं येऊन डोकावून जात होती. विजयालक्ष्मी शाळेतून येता येता वर आली आणि दारातूनच म्हणाली, सासूबाईंच्या ओव्या होत्या हो त्यात, त्या तरी? शमिकाला आपल्या आजोबांचं हसणं हवं होतं. बोलणं नाही मिळालं तरी चालेल म्हणाली, हसणं पाहिजे. आत्याही मध्येच कठड्याला धरून वर आल्या आणि आपल्या भावाचं विचारून गेल्या. ज्याचं त्याला. त्यात गैर काही नव्हतं. अलकनंदा सगळ्यांना एकच उत्तर देत होती, बघते.

मग तिने अजयला फोन लावला.

अजय विठोबाकाकांचा मुलगा. सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत कामाला. सुभाषचंद्रांच्या हाताखाली त्यानेच हे यंत्र सांभाळलं, आणि ते गेल्यावर एकट्याने. अलकनंदाने दोघांना एकाच टेबलाशी बसवून सगळं शिकवलं होतं, पोरांना शिकवतात तसं, चुकलं की टेबलावर टकटक करून. सप्तमीपासून तो गरौठ्याला साइटवर होता. खंडेनवमीला नव्हता, दसऱ्यालाही नव्हता.

"सुजयने कळवलं मला, वहिनी," तो म्हणाला.

"तो आज सगळं पुसून नव्याने मांडतो म्हणतोय."

"नको, नको. त्याला थांबवा." मग जरा सावकाश, "घाई कशाला? कोजागिरी होऊन जाऊ द्या. मग मी येऊन निवांत बघतो. आणि आत्याला म्हणावं, काही गेलेलं नाही, उगीच जिवाला लावून घेऊ नको."

"आत्यांनी मीठ सोडलंय."

पलीकडे एक ट्रॅक्टर जवळ येऊन लांब गेला.

"संध्याकाळी येशील?" अलकनंदाने विचारलं.

"येतो," तो म्हणाला, आणि आणखी काही न विचारता फोन ठेवला.

*

तिने खुर्ची यंत्रासमोर ओढली. पासवर्ड बोटांच्या लक्षात होता. तीनच माणसांना तो ठाऊक होता: तिला, अजयला, आणि डिस्क बसवायची म्हणून उन्हाळ्यात सुजयला दिला होता.

कुठली डिस्क कुठे बसवली आहे, ते तिने यंत्राला विचारलं. उत्तराच्या ओळी पडद्यावर आल्या. तिने त्या वाचल्या. पदराने चष्मा पुसला आणि परत वाचल्या. मग यंत्र जागं होताना जी यादी वाचतं, ती उघडली. ही यादी तिनेच एके काळी लिहिली होती. तिच्या ओळी होत्या तशाच होत्या, फक्त एका ओळीत एक शब्द बदललेला. आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती, जी तिची नव्हती. त्या ओळीत नव्या डिस्कचा उल्लेख होता, सरळ नावाने नाही, तर आकडे आणि अक्षरं मिळून होणाऱ्या त्या लांबलचक क्रमांकाने.

यादीला शेवटचा हात कधी लागला, ती तारीखही यंत्राने सांगितली. नवरात्राच्याही आधीची.

अलकनंदा उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलं होतं: भरणी श्राद्ध.

तो दिवस तिला कॅलेंडरशिवायही आठवायला हवा होता. घरात माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या पितृपक्षात भरणी. पुतण्या तेजस ग्वाल्हेरहून आला होता. तिने पिंडांचा भात शिजवला होता, आणि भात मऊ झाला की नाही याखेरीज तिच्या मनात त्या दिवशी काही आलं नव्हतं.

"भरणीला इथे कोण होतं, आत्या?"

आत्यांनी आठवून सांगितलं. अजयचं घर लहान, म्हणून त्याने विठोबाचं भरणी श्राद्ध मंडळाच्या हॉलमध्ये केलं. बाकी त्या दिवशी मंडळात कोण फिरकतंय? सुजय वाढायला होता, वड्यांवर आडवा हात मारला त्याने. जेवणं झाल्यावर अजय वर जाऊन जरा पडतो म्हणाला. आणि सुजयही वर गेला होता, इंटरनेट बघायला की काय ते. आधी कोण गेलं, मागून कोण, ते काही आपल्याला सांगता यायचं नाही.

"तू का विचारतेस?"

"वरचं आधी उचलावं लागेल," अलकनंदा म्हणाली. आत्यांना ते कळलं नाही, आणि तिने समजावून सांगितलं नाही.

*

दिवेलागणीला अजय आला. शर्टावर गरौठ्याची धूळ तशीच. आत्या खुर्चीवर, सुजय खिडकीत, तो दाराशी. अलकनंदाने त्याला आत बोलावलं नाही आणि दार लोटूनही घेतलं नाही.

"आत्या, पंगतीला एका पाटावर ताट एकच मांडतात ना?" तिने हळू आवाजात सुरुवात केली.

"एकच."

"युनिक्सच्या यंत्राचं तसंच असतं. घर एकच, घरात पाट मांडलेले. 'आवाज' हा असा एक पाट. पाटाला स्वतःचं काही नसतं. त्याच्यावर डिस्क बसवावी लागते, मग तिच्यातलं दिसतं. याला माउंट करणं म्हणतात. कुठल्या पाटावर कुठली डिस्क, त्याची यादी असते आणि यंत्र ती जागं होताना वाचतं. आता मला सांगा, पाटावर एक भरलेलं ताट आहे. त्याच्यावर कोणी दुसरं रिकामं ताट ठेवलं, तर काय दिसेल?"

"रिकामं ताट."

"आणि भरलेलं?"

आत्या थांबल्या. "ते… ते खालीच असेल की."

अलकनंदाने वळून एक आज्ञा टाइप केली. 'आवाज'वर सगळ्यांत वर जे बसवलंय, ते उतरव. मग आत काय आहे ते यंत्राला विचारलं. पडदा नावांनी भरत गेला. सासूबाईंच्या ओव्या, शमिकाचे आजोबा, आत्यांचा भाऊ, विठोबाकाका. नावं थांबेचनात.

आत्यांनी पदर तोंडावर धरला.

"सुजयने पुसलेलं शोधलं, पण ते वरच्या ताटात," अलकनंदा म्हणाली. "नवी डिस्क. तिच्यात कधी काही नव्हतंच, तर खरवड कुठून सापडणार? खालची तर चांगली फिरत होती. सकाळी हाताला लागली मला. पाण्याने बिघडली असती तर फिरली नसती. आत्या, तुमच्या फडक्याने काही झालेलं नाही."

"पण काकी, नवी डिस्क माझी आहे," सुजय उठून उभा राहिला. "तारा मी जोडल्या. चालू मी केलं. आप लोग सोचेंगे कि—"

"बस. तू नाहीस. ही ओळ लिहिणाऱ्याने डिस्कचा लांब क्रमांक लिहिलाय. तू काय लिहिलं असतंस?"

"छोटं नाव. ते दिसतं ना समोर. सगळे तेच लिहितात."

"सगळे लिहितात. पण छोटं नाव तारेवर ठरतं. तारा काढून पुन्हा लावताना अदलाबदल झाली, की कालची पहिली डिस्क आज दुसरी होते. दुसरीकडे कुठे हे घडत नाही, कारण दुसरीकडे कोणी यंत्राच्या तारा काढून पुसून पूजा करत नाही. आपण करतो. म्हणून या यंत्राच्या यादीत नाव लिहायचं नाही, डिस्कचा तो लांब जन्मक्रमांकच लिहायचा, हे मी शिकवलं होतं. दोघांनाच शिकवलं. त्यातले एक वैशाखात गेले."

सुजयने दाराकडे पाहिलं.

"अजयकाका तर गरौठ्याला होते," सुजय पुटपुटला.

"यंत्र जागं झालं तेव्हा गरौठ्याला. ओळ लिहिली ती भरणीच्या दिवशी, याच खुर्चीत. लिहून ठेवलं म्हणजे लगेच काही होत नाही. यंत्र निजून उठेपर्यंत ती ओळ नुसती पडून राहते. आणि हे यंत्र कधी निजतं, ते मंडळात पोरासोरालाही ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला इथे हजर राहायची गरज नव्हती. नसणंच बरं होतं."

अजय दाराच्या चौकटीकडे बघत होता.

"मला आधी राग आला," अलकनंदा म्हणाली. ते खरं नव्हतं. तिला राग आला नव्हता. राग यायला हवा, एवढंच तिला समजलं होतं. "मग बदललेला शब्द दिसला. खालच्या डिस्कच्या ओळीत माझं 'वाचा आणि लिहा' होतं. त्याने ते 'फक्त वाचा' केलं. का? तर उद्या कोणी वरचं ताट उचललं, तरी आतलं एक अक्षर चुकूनसुद्धा पुसलं जाऊ नये. आवाजांचा वैरी असं करेल का? त्याने सरळ पुसून टाकलं असतं. याला आवाज हवे होते. फक्त कोजागिरीला ऐकू यायला नको होते. तूच म्हणालास ना फोनवर, काही गेलेलं नाही? सगळी झाशी रडत होती, आणि गेलेलं नाही म्हणणारा तू एकटा."

"समजूत घालायला म्हणतं माणूस," अजय म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"म्हणतं. पण आज जो आला त्याने आपल्या माणसाचं विचारलं. शमिका तर नुसतं हसणं मागत होती. तू काकांचं नावही काढलं नाहीस."

"तुम्हीही दादांचं नाव काढलं नाहीत, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर कळलं."

अजय आत आला आणि जमिनीवरच बसला. मग सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. आप्पांचं रेकॉर्डिंग लावायचं ठरलं तेव्हा त्यालाही आनंदच झाला होता. भरणीला जेवणं झाल्यावर वर आला, एकदा ऐकून तरी घेऊ म्हणाला. सुरुवातीला आप्पा नेहमीसारखे होते, पहिल्या पगाराची गोष्ट, बेतवा नदीच्या पुराची गोष्ट. मग बोलता बोलता वाट चुकले. शेवटी शेवटी घरी होत होतं तसं. आणि हे गच्चीवर, लाउडस्पीकरवर, दुधाचे पेले हातात घेऊन लोक ऐकणार. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. पुसायचं तर हात होईना. तेवढंच एक लपवलं असतं तर सगळी बोटं त्याच्याकडे वळली असती. कोजागिरी झाली की ती ओळ काढून यंत्र निजवून उठवायचं, मशीनचा लहरीपणा म्हणून सगळे हसून सोडतील, असा त्याचा हिशेब होता.

"आत्या मध्ये येईल हे डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "मीठ सोडलंय हे तर आज कळलं. तरी फोनवर बोललो नाही. ते माझं चुकलं."

आत्यांनी तोंडावरचा पदर खाली केला.

"गाढवा," त्या म्हणाल्या, आणि आवाजात जुनं बळ थोडं परत आलं होतं. "उद्या माझ्याकडे जेवायला ये. आमटीत मीठ तू घालायचंस. जास्त पडलं तर तूच संपवायचीस सगळी."

सुजय खिडकीकडे तोंड करून उगीचच बाहेर बघायला लागला.

अलकनंदाने अजयला विचारलं, "कुठपर्यंत ऐकलंस?"

"दादांनी विचारलं, अजय कसा आहे. आप्पा म्हणाले, अजय कोण? तिथे बंद केलं."

तिने यादीत विठोबाकाकांचं नाव शोधलं. बोट तिथे थांबलं. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी माणसं बोलत होती, पण विचारणारा आवाज एकच होता. म्हणून ती हा जिना चढली नव्हती.

तिने शेवटचा भाग लावला.

"अजय कोण?" खोलीत विठोबाकाका म्हणाले.

"तुमचा मुलगा, काका," सुभाषचंद्र म्हणाले.

तिला वाटलं होतं, त्या आवाजाने काहीतरी होईल. काही झालं नाही. पायाखालची फरशी गार आहे, एवढं मात्र तिला कळलं. केव्हापासून गार होती कोण जाणे.

"असेल बुवा," विठोबाकाका म्हणत होते. "एक माणूस येतो. भात कालवून देतो. मऊ कालवतो, तूप घालून. तोच का तो?"

"तोच."

"चांगला आहे हो. पण स्वतः जेवत नाही. माझं होईस्तोवर बसून राहतो. त्याला सांगा, म्हणावं, माझं पोट भरलं. आता तू जेव."

अजयने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

जरा वेळ नुसती खरखर. मग सुभाषचंद्र हळूच म्हणाले, "काका, पुरापर्यंतचं सगळ्यांना ऐकवू. त्यापुढचं चारचौघांत लावणार नाही. माझा शब्द. तेवढं कापून वेगळं ठेवीन आणि अजयच्या हातात देईन."

"द्या, द्या," विठोबाकाका म्हणाले. "चांगला माणूस आहे."

रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं. काका गेले त्याच हिवाळ्यात सुभाषचंद्रांनी अंथरूण धरलं. कापायचं राहून गेलं.

*

आत्या अजयच्या खांद्याला धरून जिना उतरल्या. सुजयला अलकनंदाने ती परकी ओळ काढायला लावली आणि मग दोन्ही डिस्क वेगवेगळ्या पाटांवर कशा बसवायच्या ते दाखवलं. लांब क्रमांकाने. त्याने दोनदा चुकीचा लिहिला, तिने टेबलावर टकटक केलं. प्रत सुरू झाली तसा तो म्हणाला, काकी, चहा घेऊन येतो, और कुछ लाऊँ क्या? ती म्हणाली, देवाजवळचा दिवा लावला का तेवढं खाली बघ.

ती एकटी राहिली. यंत्राच्या कपाळावरचा सुकलेला झेंडू तिने उचलून खिडकीत ठेवला. विठोबाकाकांच्या मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागू नये म्हणून आधी त्याची नक्कल करून घेतली. पुराची गोष्ट कुठे संपते आणि पुढचं कुठे सुरू होतं, ते नेमकं कळायचं तर सगळंच ऐकावं लागणार होतं, पहिल्या प्रश्नापासून.

तिने हेडफोन कानांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि ऐकायला सुरुवात केली.